काडेपेटीवाला लॉर्ड

अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव कसा करायचा? लॉर्ड बर्ली यांची पद्धत अशी होती. अडथळे ओळीने मांडायचे, प्रत्येकाच्या वरच्या पट्टीवर एक काडेपेटी ठेवायची, आणि पूर्ण वेगात येऊन उडी घेताना पुढच्या पायाने नेमकी काडेपेटी तेवढी उडवायची. अडथळा हलता कामा नये. काडेपेटी पडली नाही तर तुम्ही गरजेपेक्षा उंच उडालात, म्हणजे वेळ वाया. अडथळ्याला पाय लागला तर विषयच संपला, कारण त्या काळचे अडथळे आजच्यासारखे धक्का लागताच पुढे पडणारे नव्हते, चांगले जड लाकडी असायचे. काय डोकं आहे बघा! आम्ही हापिसात ज्याला टेस्टिंग म्हणतो ते याहून फार वेगळं नसतं, फक्त आमच्या काडेपेट्या कोणी मोजत नाही.

तर मंडळी, आजचा लेख या काडेपेटीवाल्या लॉर्डवर. आणि थोडासा आमच्या मुरुमवर. दोघांचा काय संबंध असं वाटेल, पण जरा धीर धरा.

साहेबांचं पूर्ण नाव डेव्हिड जॉर्ज ब्राउनलो सेसिल. जन्म १९०५ चा, इंग्लंडमधल्या स्टॅमफर्ड गावाजवळच्या बर्ली हाऊसमध्ये. 'हाऊस' म्हणायचं म्हणून म्हणायचं. लहानमोठ्या मिळून शंभराच्या वर खोल्या आहेत त्यात. हा वाडा बांधला विल्यम सेसिलने, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारभाऱ्याने. आपल्याकडच्या भाषेत पेशवा म्हणा हवं तर. त्या घराण्यातले हे थोरले चिरंजीव. वडील एक्सेटरचे मार्क्विस, त्यामुळे ते हयात असेपर्यंत मुलगा 'लॉर्ड बर्ली', आणि १९५६ साली वडील गेल्यावर तो स्वतः सहावा मार्क्विस. शिक्षण ईटन आणि केंब्रिज. पैशाची, वेळेची, जेवणाची, कशाचीच ददात नाही.

असा माणूस पळायला कशाला लागला? तर हौस म्हणून. आणि पळाला मात्र जबरदस्त. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तिथून चार वर्षांत, १९२८ साली ॲमस्टरडॅमला, ४०० मीटर अडथळ्यांत थेट सुवर्णपदक! वेळ ५३.४ सेकंद. मागे राहिले दोन अमेरिकन, त्यातला एक मॉर्गन टेलर म्हणजे आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. त्याआधी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये जेव्हा जेव्हा झाली तेव्हा अमेरिकनच जिंकला होता. दहा अडथळे, प्रत्येक तीन फुटांचा, आणि दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर. ज्यांनी ही शर्यत कधी पळून बघितली आहे त्यांना विचारा, शेवटच्या दोन अडथळ्यांना पाय उचलत नाहीत. (मी एकदाच पळून बघितली. अडथळे म्हणजे दोन-दोन पोरांनी दोन बाजूंनी धरलेल्या वेळूच्या काठ्या. पळणारा जवळ आला की पोरं काठी वर करायची. त्यावर जास्त बोलत नाही.)

१९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिले एम्पायर गेम्स झाले, ज्यांचे पुढे कॉमनवेल्थ गेम्स झाले. तिथे साहेबांना तीन सुवर्ण. १९३१ मध्ये पीटरबरोमधून खासदार. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी संसदेतून रजा घेऊन गेले आणि रिले शर्यतीत रौप्यपदक घेऊन आले. आपल्याकडे खासदार रजा घेऊन काय करतात हा वेगळा विषय आहे. असो.

केंब्रिजचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या चौकात एक घड्याळ आहे. बाराचे ठोके ते दोनदा देतं, म्हणजे चोवीस ठोके. ते संपायच्या आत चौकाला पूर्ण फेरी मारायची अशी जुनी पैज. अंतर साडेतीनशे यार्डांच्या वर आणि कोपरे काटकोनात. १९२७ साली बर्लींनी ती मारली. 'चॅरियट्स ऑफ फायर' हा १९८१ चा सिनेमा बघितला असेल तर तुम्ही म्हणाल, ते तर हॅरल्ड अब्राहम्सने केलं होतं! सिनेमात तसंच दाखवलंय, आणि त्याच्याबरोबर पळणारा, अडथळ्यांवर शॅम्पेनचे पेले ठेवून सराव करणारा जो लॉर्ड लिंडसे आहे तो बर्लींवरूनच बेतलेला. त्यांनी स्वतःचं नाव वापरायला संमती दिली नाही म्हणून लिंडसे. काडेपेटीचा पेला झाला आणि पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. म्हाताऱ्याला राग आला असेल तर नवल नाही.

इथवर सगळं गोड आहे. खेळाडू म्हणून माणूस सच्चा, मेहनती, खिलाडू. खरी गंमत पुढे आहे, साहेब पळायचे थांबले आणि दुसऱ्यांनी कसं पळायचं ते ठरवायला लागले तिथून.

म्हणजे पळत असतानाच सुरुवात झाली होती. १९३३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९३६ पासून इंग्लंडच्या हौशी ॲथलेटिक संघटनेचे अध्यक्ष, १९४६ पासून जागतिक संघटनेचे अध्यक्ष. दोन्ही पदांवर १९७६ पर्यंत! एकीकडे चाळीस वर्षं, दुसरीकडे तीस. मधे दुसऱ्या महायुद्धात बर्म्युडाचे गव्हर्नर. दोन्ही संघटनांच्या नावात एक शब्द होता तो महत्त्वाचा: हौशी. हौशी म्हणजे ज्याने खेळातून एक पैसाही कमावलेला नाही असा. कमावला की तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकाला ऑलिंपिकची दारं बंद.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. म्हण छानच आहे, पण ज्याला मोल मोजताना खिसा चाचपावा लागत नाही त्याच्या तोंडी ती जास्त शोभते.

हा नियम आला कुठून ते बघण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्लीच्या होड्यांच्या शर्यतीत 'हौशी'ची जी व्याख्या होती तिच्यात पैशाची अट होतीच, शिवाय मजुरीवर काम करणारा मिस्त्री, कारागीर किंवा मजूर हा हौशी होऊच शकत नाही असं सरळ लिहिलं होतं. अंगमेहनतीने स्नायू कमावलेला माणूस आमच्याशी स्पर्धा करणार म्हणजे अन्याय, असा युक्तिवाद. १९२० साली जॅक केली नावाच्या अमेरिकन नावाड्याचा हेन्लीने अर्ज नाकारला. नकाराची कारणं दोन होती, त्यातलं एक म्हणजे हा अंगमेहनतीचं काम केलेला माणूस. केली गवंडीकाम केलेला होता. त्याच वर्षी त्याने ॲन्टवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. (नटी ग्रेस केलीचे हे वडील.) हे कलम हेन्लीने १९३७ मध्ये काढलं. ॲथलेटिक्सवाले त्या मानाने बरे, त्यांनी १८८० साली संघटना काढतानाच मजुराचं कलम गाळलं. पैशाचं मात्र ठेवलं.

आता ते मजुराचं कलम आमच्या मुरुमला लावून बघा. उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं गाव. सोयाबीन, तूर, ऊस. शेतमजूर, गवंडी, सुतार, लोहार, चालक, हमाल यांना वगळलं तर होडीत बसायला उरतं कोण? सावकार, आणि पगारी मास्तर.

पैशाची अट वरवर पाहता सगळ्यांना सारखी. लॉर्डनेही घ्यायचा नाही, गवंड्यानेही घ्यायचा नाही. पण तिने कोण कापले गेले ते बघा. जिम थॉर्प, अमेरिकेतला आदिवासी खेळाडू, १९१२ साली दोन सुवर्णपदकं जिंकला. त्याआधी तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता हे बाहेर आलं आणि दोन्ही पदकं काढून घेतली. पूर्ण मान परत मिळायला २०२२ साल उजाडलं, तोवर माणूस जाऊन जवळपास सत्तर वर्षं झाली होती. दुसरा पाव्हो नुर्मी, फिनलंडचा, ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं. वडील लहानपणीच वारले, शाळा सोडून पोरवयात कामाला लागला. प्रवासखर्च जास्त घेतला या आरोपावरून त्याला १९३२ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर बाद केलं. तो निर्णय बर्लींचा नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते तेव्हा त्याच ऑलिंपिकमध्ये धावायला आले होते. प्रवासखर्चाची चिंता करायची मात्र त्यांच्यावर वेळ आलेली नव्हती. पुढे संघटना त्यांच्या हातात आली, आणि त्यांच्या तीस वर्षांत नियम मूळ धरून राहिला.

पण १९४८ बद्दल त्यांना सलाम केला पाहिजे. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, लंडन बॉम्बनी पडलेलं, अन्नावर रेशनिंग. अशात ऑलिंपिक भरवायचं ठरलं आणि संयोजन समितीचे अध्यक्ष लॉर्ड बर्ली. नवीन स्टेडियम बांधलं नाही. वेम्ब्लीच्या जुन्या स्टेडियममध्ये ॲश घालून धावपट्टी केली. पुरुष खेळाडू लष्करी छावण्यांमध्ये, स्त्रिया कॉलेजांच्या वसतिगृहांत. ५९ देश, चार हजारांवर खेळाडू. आणि खेळाडूंना रेशन कुठल्या दराने दिलं माहितीये? गोदीतल्या हमालांना आणि खाणीतल्या कामगारांना मिळायचं त्या दराने! साध्या माणसाच्या जवळपास दुप्पट उष्मांक. ज्या मजुराला हौशीच्या व्याख्येतून एकेकाळी हाकललं होतं त्याच्याच ताटावर हौशी ऑलिंपिक पोसलं गेलं. सगळं आटोपल्यावर हिशेबात तोटा नाही, उलट थोडी शिल्लकच. आजच्या ऑलिंपिकचे खर्च बघितले की हे वाचून डोळे पाणावतात.

त्याच वेम्ब्लीवर १२ ऑगस्ट १९४८ ला आपण हॉकीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० ने हरवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तिथे तिरंगा वर चढत होता तेव्हा आमच्या मुरुममध्ये निजामाचं राज्य होतं. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा हैदराबाद संस्थानातला, रझाकारांचे दिवस, तिरंगा उघड फडकवणं म्हणजे जिवाशी खेळ. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला आत आल्या आणि १७ ला निजाम शरण आला. म्हणजे लंडनमध्ये जे झालं ते मुरुममध्ये व्हायला आणखी महिनाभर लागला.

आणि त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचा एक बावीस वर्षांचा पैलवान होता. खाशाबा जाधव. लाल मातीत वाढलेला गडी, तिथे गादीवर लढला. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला म्हणून लंडन दिसलं. फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. ही जागा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत रंगतदार वाटते, कारण जुलै १९५२ मध्ये त्या एकाच शहरात दोन स्पर्धा झाल्या. एक बंद दाराआड: आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार लॉर्ड बर्ली आणि शिकागोचे बांधकाम व्यावसायिक ॲव्हरी ब्रंडेज. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि शेवटी ब्रंडेज ३० विरुद्ध १७ मतांनी जिंकले. हे ब्रंडेज हौशीपणाच्या बाबतीत लॉर्डपेक्षाही सोवळे. आयुष्यातली सर्वांत मोठी निवडणूक साहेब हरले.

दुसरी स्पर्धा कुस्तीच्या गादीवर. तिथवर पोचायलाच खाशाबांना निम्मं आयुष्य खर्च करावं लागलं. निवड चाचणीत गुणांचा घोळ झाला, दाद कोणाकडे मागायची? पतियाळाच्या महाराजांकडे, कारण भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष तेच. आपल्याकडेही हे असंच होतं. पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा, मग १९२८ पासून पतियाळाचे भूपिंदर सिंग, मग त्यांचे चिरंजीव यादविंद्र सिंग १९६० पर्यंत, मग धाकटे चिरंजीव भालिंद्र सिंग. क्रिकेटमध्येही बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड, रणजी खेळलेले राजे, १९६३ ते ६६ बोर्डाचे अध्यक्ष. राजेलोकांना नुसती नावं ठेवायची सोय नाही, कारण पतियाळाच्या महाराजांनी खाशाबांचं ऐकलं, पुन्हा कुस्ती लावली, आणि खाशाबांनी समोरच्याला चीतपट केलं. न्याय झाला.

न्याय झाला, पण तिकिटाचं काय? सरकारी मदत अपुरी. गावोगाव वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! २३ जुलैला खाशाबांनी बॅन्टमवेट गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढे खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.

आता सोवळ्या ब्रंडेजसाहेबांचा चष्मा लावून बघा. खेळून पैसे मिळवले, म्हणजे धंदेवाईकच की हो! मला तरी या गोष्टीइतकं स्वच्छ काही दिसत नाही. बर्लींच्या जगात शर्यत सुरू होते त्या रेषेवर सगळ्यांना सारखा न्याय होता, आणि त्या न्यायासाठी ते मनापासून झटले. त्या रेषेपर्यंत यायचं गाडीभाडं ज्याचं त्याने बघायचं, एवढंच गृहीत धरलेलं होतं. शंभर खोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला ते गृहीत आहे हे कळणारही कसं?

खाशाबा १९५५ मध्ये पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणानंतर मिळाला.

बर्लींचं आणखी एक दृश्य जगाने पाहिलेलं आहे, फक्त त्यातले ते कोणाच्या लक्षात नसतात. मेक्सिको, ऑक्टोबर १९६८. दोनशे मीटरचा पदकसमारंभ, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस काळे हातमोजे घातलेली मूठ वर करून उभे. त्यांच्या गळ्यात थोड्या वेळापूर्वी पदकं घालणारे गृहस्थ म्हणजे आपले लॉर्डसाहेब, त्रेसष्ट वर्षांचे. मुठीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला दिसतात ते त्यांचे पाय. बूट काढून दोघं नुसत्या काळ्या मोज्यांवर आले होते, काळ्या लोकांची गरिबी दाखवायला. साहेबांनी हस्तांदोलन केलं, पदकं दिली. पुढे दोघांना अमेरिकन संघातून घरी धाडलं.

म्हातारपणी बर्लींचं खुब्याचं हाड गेलं. कृत्रिम सांधा बसवला, काही काळाने तोही बदलावा लागला, तेव्हा जुना निघालेला सांधा त्यांनी आपल्या रोल्स रॉईसच्या बॉनेटवर शोभेला बसवून घेतला. माणूस मिश्कील होता यात शंका नाही! १९८१ मध्ये ते वारले. लगेच १९८२ मध्ये त्यांच्याच जागतिक संघटनेने खेळाडूंना ट्रस्टच्या मार्गाने पैसे घ्यायला परवानगी दिली. २००१ मध्ये नावातला 'हौशी' शब्दही काढला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच संघटनेने ॲथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णविजेत्याला पन्नास हजार डॉलर दिले.

मुरुमला गेलो की पहाटे उमरग्याच्या रस्त्याला पोरं पळताना दिसतात. कोणी पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी, कोणी आर्मीसाठी. कोणाला खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी हवी आहे. हौशी कोणीच नाही, आणि मेहनत मात्र काडेपेटीवाल्याइतकीच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे असाच आधी सैन्यात गेला आणि मग अडथळे ओलांडायला लागला. २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या एशियाडमध्ये सुवर्ण. त्या शर्यतीतला अडथळाही तीन फुटांचाच असतो, आणि तो पडत नाही.

खेळाडूचा प्रशासक होण्याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातही आहे. सारिका काळे, भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण. कित्येक वर्षं दिवसातून एकच वेळ जेवून खेळले, हे तिने स्वतः सांगितलंय. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. सरकारी पगारावर.